काचपेटीतील मासे व विहिरीचे पाणी

सौंसरच्या नावाने भूशास्त्रात खडकांची एक मालाच ओळखली जाते. तीत संगमरवरही आहे. पांढुर्ण्याकडचा काळा पाषाण निराळा, पण चुना व मॅग्नेशियम पाण्यात सोडतो तोही. असे जड पाणी गप्पी, मोली ह्या माशांना उत्तम मानवते.

परवा एका मुलाने माशांवर पांढरे ठिपके पाहिले, विहिरीस दोष दिला आणि सारी काचपेटी उपसून पावसाचे पाणी भरले. सकाळी मासे उलटे तरंगत होते. बिचारा फार रडला.

वाचकहो, ते ठिपके परजीवी जंतूंचे. जंतू मासा सोडून पाण्यात पोहू लागला म्हणजेच औषध त्यास लागू पडते. म्हणून ठिपके गेले तरी उपचार काही दिवस चालू ठेवावा. पाणी बदलणे झाल्यास एका वेळी चौथा हिस्साच बदलावा.