रिकामा वेळ आणि स्क्रीन सेव्हर

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. आतल्या थंडगार खोलीत, कुणी हात न लावलेल्या मशीनवर रंगीत पाइप आपोआप वळत, वाढत राहत. माउस जरा हलला की सारे गायब! आम्हाला ती निव्वळ गंमत वाटे. त्यामागचे कारण पुढे कळले.

त्या काळच्या जाड मॉनिटरमध्ये काचेच्या आतून फॉस्फरचा लेप असे. इलेक्ट्रॉनचा झोत पडला की तो उजळे. पण एकच चित्र दीर्घकाळ एकाच जागी राहिले की तिथला लेप झिजे. मग मॉनिटर बंद केला तरी जुन्या अक्षरांची पुसट छाया काचेवर दिसे. तो डाग कायमचा.

यावर जॉन सोचा या अमेरिकन प्रोग्रामरने साधा उपाय काढला. डिसेंबर १९८३ च्या ‘सॉफ्टॉक’ मासिकात त्याने आयबीएम पीसीसाठी एक छोटा प्रोग्राम छापला. तीन मिनिटे कीबोर्डला हात लागला नाही की पडदा काळा. चित्र नाही, रंग नाही.

पुढे १९८९ मध्ये मॅकिंटॉशसाठी ‘आफ्टर डार्क’ आले. त्यातले पंख फुटलेले, उडणारे टोस्टर इतके गाजले की लोक पैसे मोजून ते विकत घेत. रक्षणाचे साधन करमणूक बनले. सपाट एलसीडी पडदे आल्यावर तर त्या रक्षणाची फारशी गरजही उरली नाही, तरी चित्रे नाचतच राहिली. नाव ‘सेव्हर’, पण हलत्या चित्राने वीज वाचत नाही. पडदा बंद केला तरच वाचते. ज्यांच्या घरी आजही अशी चित्रे चालतात, त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन थोड्या वेळाने पडदा बंद होईल असे करावे. इस्राफ फक्त नळाच्या पाण्याचाच होतो असे नाही.

याच रिकाम्या वेळेचा वेगळा उपयोग १९९९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी केला. ‘सेटी ॲट होम’ हा त्यांचा स्क्रीन सेव्हर, मालक उठून गेला की रेडिओ दुर्बिणीने टिपलेले अंतराळातील संकेत तपासू लागे. जगभरच्या लाखो घरांतली मशीन या कामाला लागली. २०२० पर्यंत हे काम चालले. परग्रहावरचा कुणी सापडला नाही, पण मोकळा वेळ कारणी लागला.

मोकळा वेळ ही अल्लाहची नेमत आहे आणि माणूस तिच्याच बाबतीत घाट्यात राहतो, ही शिकवण आपल्या घरांत नवी नाही. तरीही आज चित्र उलटे आहे. जुना पडदा आपण उठलो की गप्प होई. हातातल्या मोबाइलवर एक व्हिडिओ संपला की दुसरा न विचारता सुरू होतो. मुलांना आपण रागावतो, पण स्वतःचा अंगठा थांबत नाही.

म्हणून आम्ही घरात ठरवले : मगरिबपासून इशापर्यंत सगळ्यांचे फोन कपाटावर. खरे सांगायचे तर पहिला आठवडा मुलांपेक्षा आम्हालाच जड गेला. पण तिसऱ्या संध्याकाळी धाकटीने दादीला विचारले, “तुमच्या लहानपणी संध्याकाळी काय करायचात?” दादी इशाच्या अजानपर्यंत बोलत होत्या.