पावती कुणाच्या नावाची?

मोटारसायकल घरात आली की तिला हार घालतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात. कुकर येतो तेव्हा तो गुपचूप ओट्याखाली जातो, आणि कुणी विचारलंच तर घरातली बाई ओशाळून सांगते, "भिशीचे पैसे आले होते, म्हणून घेतला." मोटारसायकल म्हणजे घराची प्रगती आणि कुकर म्हणजे बाईची हौस, हा हिशेब आपल्या समाजाने कधी केला आणि आपण तो मुकाट्याने का मान्य केला, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

आपल्या गटाच्या बैठकीत एकदा हा प्रश्न टाकून पाहा : "गेल्या दहा वर्षांत घेतलेल्या कोणत्या वस्तूने तुझा दिवस सोपा झाला?" सुरुवातीला बायका हसतात. मग एकेक उत्तर यायला लागतं. मिक्सर. गॅस. रात्री बाहेर जाताना हातात धरायची बॅटरी. तांदूळ निवडता यावेत म्हणून घेतलेला चष्मा. स्वतःच्या पेटीला लावलेलं कुलूप. यातली बरीचशी वस्तू काही दागिन्यांच्या किमतीची नाही. तरीही ती घ्यायला चार-चार, पाच-पाच वर्षं थांबावं लागलं. पैसे नव्हते हे कारण खरं, पण पुरं नाही. त्याच वर्षांत घरात मोबाइल आला, टीव्ही बदलला, देवदर्शनाची सहल झाली. बाईच्या कष्टाला किंमत नसली की कष्ट वाचवणाऱ्या वस्तूलाही किंमत उरत नाही, एवढाच याचा अर्थ.

पाण्याचंच पाहू. खेड्यात माणशी रोज ४० लिटर पाणी मिळावं हा सरकारचा जुना निकष. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने तो ५५ लिटरवर नेला. पाच माणसांच्या घराला जुन्या हिशेबानेसुद्धा २०० लिटर लागतात. १५ लिटरच्या हंड्याने ते आणायचं तर १३-१४ खेपा, आणि दर खेपेला भांड्याचं वजन सोडून १५ किलो डोक्यावर. जमिनीवरून ढकलत नेता येतील असे ४५ लिटरचे ड्रम आता निघाले आहेत. त्याने तेच पाणी पाच खेपांत येतं, आणि मान, पाठ, कंबर मोकळी राहते. पण यातली खरी मौज पुढेच आहे. पाणी डोक्यावर असतं तोवर ते बायकांचं काम असतं. तेच पाणी कॅनमध्ये भरून सायकलला किंवा मोटारसायकलला अडकवलं की घरातला मुलगा, नवरा, दीर आणायला तयार होतो. टंचाईच्या गावांतून हिंडलेल्या कुणाही कार्यकर्तीने हे पाहिलेलं आहे. डोक्यावर बाई, चाकावर पुरुष! म्हणजे पाणी भरणं हे 'स्वभावतः' बाईचं काम आहे, ही गोष्ट एका चाकाने खोटी पडते.

जात्याची गोष्टही तशीच. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हे फार मोलाचं काम झालं. त्या ओव्यांतून बाईचं मन कळतं आणि तिचं दुःखही. पण गिरणी आली आणि ओव्या गेल्या म्हणून हळहळणारे अनेक जण कधी पहाटे उठून जातं ओढायला बसले नव्हते. ज्या बसत होत्या त्यांना विचारा. ओवी आठवते, पण जातं परत नको, असंच बहुतेक जणी सांगतील. शेतातही असाच अनुभव. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला वैभव विळा दातेरी आहे. त्याला सारखी धार लावावी लागत नाही आणि कापणीला जोरही कमी लागतो. किंमत अगदी थोडी. कापणी बाई करते, पण अवजारं घ्यायला बाजारात जातो पुरुष, आणि अवजार म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर फवारणीचा पंप येतो, ट्रॅक्टर येतो. विळा येत नाही.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, वस्तूंचा एवढा कौतुक-सोहळा नको, यातून चंगळवादच वाढेल. ही शंका रास्त आहे. जाहिराती आपल्याला रोज नवी गरज शिकवत असतात. पण चंगळ कशाला म्हणायचं? उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळतं आणि तिथेच थांबतं. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो आणि तापमान साधारण १२० अंशांपर्यंत चढतं, म्हणून तीच डाळ थोड्या वेळात आणि थोड्या सरपणात शिजते. सरपण कमी म्हणजे रानातली एक फेरी कमी आणि धूरही कमी. याला चंगळ म्हणणाऱ्याने चुलीपुढे बसून पाहावं. आणि हेही विसरायला नको, की बाजारभाव हा बाईचा राजकीय प्रश्न आहे हे आपल्या आधीच्या पिढीनेच दाखवून दिलं. १९७२ साली मुंबईत महागाईविरोधात बायकांची संयुक्त समिती उभी राहिली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, पण मोर्चात दोघी एकत्र आणि बायकांच्या हातात लाटणी. तेल, रॉकेल, धान्य यांच्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या त्या बायकांना कुणी चंगळवादी म्हटलं नाही.

सरकारच्या लेखी काय गरजेचं आणि काय चैनीचं, तेही बघण्यासारखं आहे. २०१७ च्या जुलैत जीएसटी लागू झाला, तेव्हा बांगड्या, कुंकू, सिंदूर करमुक्त होते आणि सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर होता. सौभाग्याला सूट, पाळीला दंड! देशभरच्या बायकांनी ओरड केल्यावर, वर्षभराने, जुलै २०१८ मध्ये तो रद्द झाला. २०१६ साली उज्ज्वला योजना आली. अनामत न भरता, घरातल्या बाईच्या नावाने गॅसजोडणी. नाव बाईचं, हे चांगलंच झालं. पण शेगडी घरात आल्याने चूल विझत नाही, सिलिंडर पुन्हा भरता आला तर विझते. कॅगच्या २०१९ च्या अहवालात उज्ज्वलाच्या ग्राहकांचा सरासरी वापर वर्षाला ३.२१ सिलिंडर असा नोंदला आहे. एवढ्यात वर्षभराचा स्वयंपाक होत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सणाला, पाहुण्यांना गॅस आणि रोजच्याला चूल, असाच त्याचा अर्थ.

आता दुसरी बाजू. वस्तू आली, वेळ वाचला. तो गेला कुठे? रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात दाखवलं, की घरात यंत्रं आली तरी आईचं काम संपत नाही. कामाची अपेक्षाच वाढत जाते. आपल्याकडे वेगळं काय घडतं? मिक्सर आला की रोज ताजी चटणी हवी. कपडे धुण्याचं यंत्र आलं की घालायचे कपडे दिवसातून दोनदा बदलले जातात. सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईचे २०१९ साली दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, २०२४ साली २८९. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांची ९७ वरून ८८ झाली. आणि मुळात हात घालणारे पुरुष दर चौघांत जेमतेम एक. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, पुरुषानेही आपली नऊ वाचवून घेतली! यंत्र श्रम कमी करतं, पण ते श्रम वाटून देत नाही. ते काम भांडूनच करून घ्यावं लागतं.

शेवटचा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा मालकीचा. मायक्रोफायनान्सचं कर्ज बाईच्या नावाने निघतं. आठवड्याच्या बैठकीला ती बसते, हप्त्यासाठी ती अपमान सोसते. त्या पैशातून आलेली मोटारसायकल मात्र नवऱ्याच्या नावावर. कर्ज तिचं, गाडी त्याची. आणि जिने स्वतःच्या मजुरीतून मिक्सर, शिलाई मशीन, कपाट घेतलं, ती मारहाणीला कंटाळून बाहेर पडते तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी. सल्ला केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येकीने हा प्रसंग पाहिला आहे. "यातलं तुझं काय?" असं विचारल्यावर ती सांगते, पण दाखवायला कागद नसतो.

कायदा तिच्या बाजूने आहे. हिंदू बाईने स्वतःच्या कमाईतून विकत घेतलेली वस्तू पूर्णपणे तिच्या मालकीची, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. स्त्रीधनावर पत्नीचाच पूर्ण हक्क, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तर सर्व धर्मांच्या बायकांसाठी आहे. त्यात घरातल्या वस्तू परस्पर विकून टाकणं हा आर्थिक छळ मानला आहे, आणि कलम १९ (८) खाली तिचं स्त्रीधन, तिच्या हक्काची मालमत्ता परत देण्याचा हुकूम न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. पण हुकूम मागायला गेलं की पुरावा लागतो.

म्हणून मैत्रिणींनो, काही साध्या सवयी लावून घेऊ या. दुकानदाराने "साहेबांचं नाव सांगा" म्हटलं तर आपलं पूर्ण नाव सांगायचं. जमेल तिथे पैसे आपल्या खात्यातून द्यायचे. २०२४ च्या जुलैपासून राज्यात अनेकींच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये येऊ लागले. त्यातून काही घेतलं तर त्याचीही पावती हवीच. पावत्यांचा फोटो काढून बहिणीकडे किंवा गटातल्या विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवायचा, कारण घरातून निघताना पावती सापडेलच असं नाही. गटातून वस्तूसाठी कर्ज देताना वस्तू कुणाच्या नावाने घेणार, हे ठरावाच्या वहीत लिहून घ्यायचं. आणि घरातल्या पुढच्या खरेदीच्या वेळी मोठ्याने विचारायचं : याने कुणाचे कष्ट वाचणार? वाचलेला वेळ कुणाचा? आणि पावती कुणाच्या नावाची?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या नावाची एक तरी पावती घेऊन यावं, असं ठरवून पाहा. किती जणींकडे ती सापडली आणि ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी काय कारणं सांगितली, हे आम्हाला अवश्य कळवा.