शेल्टर बांधाल, पण कुत्र्यांना खायला कोण घालणार?

धार/देवास : सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 ला भटक्या कुत्र्यांबाबतचा आपला आदेश सुधारला आणि सगळ्या राज्यांना लागू केला. खायला घालायची जागा वॉर्डावॉर्डात ठरवा, रस्त्यात कुठेही घालू नका. 7 नोव्हेंबरला पुढचा आदेश आला : शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशनवरची कुत्री उचला, नसबंदी-लसीकरण करून शेल्टरमध्येच ठेवा. देवासचं नगर निगम असो की धारची नगरपालिका, सुटका कुणाचीच नाही. पण बोलणं निघालं की निघतं ते जागेचं, पिंजऱ्यांचं, गाड्यांचं. रोजच्या खाण्याचा हिशेब राहूनच जातो.

मध्यम बांध्याच्या कुत्र्याला दिवसाला साधारण पाव किलो कोरडं खाद्य लागतं. 100 कुत्री धरली तर महिन्याला साडेसात क्विंटल. पाकीटबंद खाद्य घेतलं तर वर 18 टक्के जीएसटी. बांधकाम एकदाच होतं, हा खर्च मात्र दर महिन्याला उभा.

तेव्हा आत येणारी कुत्री कमी कशी राहतील, हे आधी बघायला हवं. अमेरिकेत बरीच शेल्टर त्यासाठी खाद्याचं कोठार चालवतात. हात तंगीत असलेला मालक तिथून पिशवी नेतो, कुत्रं घरीच राहतं. आपल्याकडेही कंत्राटी काम सुटलं की पाळलेलं कुत्रं बायपासवर सोडून येणं सोपं. कायद्याचा धाक म्हणावा, तर 1960 च्या कायद्यात प्राण्याला उपाशी ठेवणं, वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे खरा, पण पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये. चौकातल्या पोहे-जिलेबीला याहून जास्त जातात!

माळव्यातल्या मराठी घरांत शेवटची पोळी कुत्र्याची, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण शिळ्या पोळ्यांवर कोठार चालायचं नाही. पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते. कोरडाच माल घ्यावा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, आधी आलेला आधी द्यावा आणि कुणी किती नेलं ते वहीत लिहावं. रेबीज लसीचं कार्ड जरूर मागावं, पण पहिल्या पिशवीला नाही. दारातच कागद मागितले तर गरजू माणूस परत फिरतो. दुसऱ्या खेपेला कार्ड आणायला सांगितलं, की लसीकरणही आपोआप वाढतं. शेल्टरमध्ये डॉक्टर असेल तर टोचणी तिथेच उरकता येते.

बजेटात शेल्टरच्या बांधकामाचं हेड निघेलच. त्याखाली खाद्याची एक ओळ येते का, हे दोन्ही शहरांतल्या नगरसेवकांनी आताच विचारायला हवं.