वादळ आणि वाद

दिनांक ३ जून २०२० रोजीं श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर 'निसर्ग' चक्रीवादळ आदळलें आणि पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या नारळी-पोफळीच्या बागा प्रहरभरांत आडव्या झाल्या. त्या दिवसापासून कित्येक घरांच्या ओटीवर सुरू झालेला वाद अद्याप शमलेला नाहीं. वडील मंडळी म्हणतात, "वादळें पूर्वीं नव्हतीं काय? १९४८ च्या नोव्हेंबरांत मुंबईनेंहि सोसलेंच. रोपें पुन्हां लावा." मुलें म्हणतात, "हवामानच पालटलें. आतां पोफळी लावणें व्यर्थ."

एखादें वादळ काकतालीय न्यायानें येऊं शकेल, हें वडिलांचें म्हणणें मान्य. परंतु चक्रीवादळास बळ मिळतें तें समुद्राच्या उष्णतेपासून, आणि अरबी समुद्र तर तापत चालला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनीं २०२१ सालीं दाखविलें कीं, १९८२ ते २००० या काळाच्या मानानें २००१ ते २०१९ या काळांत तेथील चक्रीवादळें ५२ टक्क्यांनीं वाढलीं. यास निव्वळ योगायोग म्हणतां येत नाहीं.

मग करावें काय? पोफळीस फळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात. म्हणून हा निर्णय एकट्या वडिलांचा नव्हे. ती सुपारी जे वेंचणार, त्यांचाहि आहे. रोपें अवश्य लावावींत. पण वाऱ्याच्या अंगास दाट झाडांचा आडोसा करावा, आणि सारें घर एकाच पिकावर विसंबूं नये. वडिलांनीं आंकडे ऐकावे व मुलांनीं कुदळ हातीं घ्यावी, एवढेंच सुचवितों.