गोदीची जमीन रिकामी नाही

शिवडीहून अटल सेतूवर गाडी चढली की दक्षिणेकडे गोदीचा पट्टा दिसतो. पत्र्याच्या शेड, गोदामांची लांबच लांब छपरं, गंजलेलं लोखंड, चिखलात टेकलेल्या बोटी. मागे एकदा या पुलावरून जाताना शेजारी बसलेल्या गृहस्थांनी तिकडे बोट दाखवून विचारलं, “एवढी मोक्याची जागा नुसती पडून आहे. काही करत का नाहीत?” माणूस भला होता. पण ‘पडून आहे’ हे शब्द मला टोचले. ज्या शेडकडे त्यांनी बोट दाखवलं, तिथल्या कामावर माझ्या आजोळच्या तीन पिढ्या जगल्या आहेत.

नाना रत्नागिरीकडून बोटीने आले आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले. डोंगरीत गावच्या जमातीची एक खोली होती, तिथे पाळीपाळीने झोपायचे. आधी जहाजावर खलाशी, नंतर गोदीत विंचवर. मामू दारुखान्यात मोडलेल्या जहाजांचे दोर, साखळ्या, नांगर विकायचे. मामेभाऊ आज तिथेच वेल्डिंगचं दुकान चालवतो. त्याच्याकडे चार कारागीर आहेत. जागेचा भाडेपट्टा कधीच संपलाय. नोटीस कधी दारावर चिकटेल, याचा नेम नाही.

ही कहाणी एका घराची नाही. मुंबईत पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्ये स्थापन झाला. ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा. आज इंदिरा डॉक म्हणून ओळखला जाणारा अलेक्झांड्रा डॉक १९१४ चा. समुद्रात भर घालून ही जमीन उभी केली आणि ती मजुरांच्या पाठीवर उभी राहिली. त्यात कोकणी मुसलमान होते, कोळी होते, साताऱ्याकडचे माथाडी होते, दलित होते, उत्तर भारतातून आलेले होते. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला तेव्हा हीच माणसं मेली. फेब्रुवारी १९४६ मध्ये याच बंदरात नौसैनिकांनी बंड केलं, त्यांच्या संप समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान. याच धक्क्यांवरून हाजी जेद्दाहला निघायचे. १९९५ मध्ये मुंबई-जेद्दाह समुद्रमार्ग बंद झाला, तोवर मुसाफिरखाना आणि गोदी यांच्यामधल्या रस्त्यांवर कितीतरी चुली पेटत होत्या.

आता या जमिनीबद्दल ‘वाया चाललेली’ असं बोललं जातं. हा शब्दांचा खेळ आपण आधी पाहिला आहे. गिरण्यांच्या जमिनीसाठी १९९१ चा नियम ५८ होता. साधारण एक तृतीयांश जमीन मैदानं-उद्यानांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. मग २००१ मध्ये दुरुस्ती आली आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीपुरती उरली. गिरणी पाडल्यावर जी जमीन मोकळी होईल, ती हिशेबातून बाहेर! उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दुरुस्ती टिकली. एका शब्दाच्या व्याख्येने शेकडो एकरांचं भवितव्य ठरलं. परळ-लोअर परळला टॉवर आणि मॉल उभे राहिले. गिरणी कामगार मात्र आजही घरासाठी मोर्चे काढतो, आणि त्याला घर दाखवलं जातं ते शेलू-वांगणीला.

गोदीची पाळी आता आली आहे. २०१४ मध्ये या जमिनीचा विचार करायला राणी जाधव समिती नेमली गेली. २०१८ मध्ये पोर्ट ट्रस्टलाच या पट्ट्याचं विशेष नियोजन प्राधिकरण करण्यात आलं आणि सुमारे ९६६ हेक्टरचा प्रारूप आराखडा आला. म्हणजे जमिनीचा मालकही तोच आणि तिथे काय बांधायचं हे ठरवणाराही तोच. शेतमालाचा भाव व्यापाऱ्यानेच ठरवावा, तशातला हा प्रकार. पुढे २०२१ च्या महाबंदर प्राधिकरण कायद्याने बंदराखेरीज इतर कामांसाठी जमीन वापरण्याची वाटही मोकळी केली. क्रूझ, मरीना, पर्यटन, कार्यालयं, उद्यानं यांची चित्रं सुंदर असतात. त्या चित्रांत सायकलवर बसलेली मुलं असतात, फुगे असतात. गॅसकटर हातात घेतलेला माणूस एकाही चित्रात नसतो.

यावर सांगितलं जातं की बंदर आता इथे उरलेलंच नाही, ते न्हावा-शेव्याला गेलं. अर्धं खरं आहे. १९८९ मध्ये जेएनपीटी सुरू झालं आणि कंटेनर तिकडे गेले. पण मुंबई बंदर अजूनही वर्षाला सहा कोटी टनांहून अधिक माल हाताळतं. त्यात मोठा वाटा जवाहर द्वीपावरच्या तेलाचा, हेही मान्य. महाकाय जहाजांना खोल पाणी लागतं, ते इथे नाही, हेही मान्य. मात्र मासेमारी बोटीला खोल पाणी लागत नाही. टग आणि बार्जच्या दुरुस्तीला लागत नाही. २०१९ पासून कोचीन शिपयार्ड याच इंदिरा डॉकमध्ये जहाजदुरुस्ती करतं आहे. केरळची सरकारी कंपनी इथे येते याचा अर्थ इथे काम आहे. शेजारी माझगाव डॉकमध्ये युद्धनौका आणि पाणबुड्या तयार होतात. त्याच भिंतीपलीकडे जहाजाचं काम संपलं म्हणून कोण सांगतं?

आणि ज्या सरकारला इथली गोदी नकोशी झाली आहे, तेच सरकार डहाणूजवळ वाढवणला समुद्रात भर घालून ७६ हजार कोटींचं नवं बंदर बांधतं आहे. तिथले मच्छीमार विरोध करतात, तर त्यांना रोजगाराचं आश्वासन मिळतं. वाढवणच्या कोळ्याला सांगायचं की बंदर म्हणजे रोजगार, आणि दारुखान्याच्या वेल्डरला सांगायचं की बंदर म्हणजे अडगळ. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने कशा बोलता येतात?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दारुखान्यातलं काम घाणेरडं आणि धोकादायक आहे. आहेच. जहाज तोडताना तेल, ॲस्बेस्टॉस, आग, उंचावरून पडणं, सगळं आहे. आपल्या नौदलाची अभिमानाची ‘विक्रांत’ २०१४ मध्ये तिथेच तुटली, ती तोडणाऱ्यांच्या हातात कसले मोजे होते हे कोणी विचारलं नाही. पण त्यावर उपाय काय? काम सुरक्षित करणं, की कामगार हटवणं? जहाज पुनर्वापर कायदा २०१९ मध्ये झाला, हाँगकाँग करार २०२५ मध्ये अंमलात आला. नियम आहेत, ते लावा. विमा द्या, रुग्णालय द्या, सांडपाण्याची सोय करा.

मुंबईला मोकळी जागा हवी, हेही मी नाकारत नाही. डोंगरी-माझगावच्या मुलांना खेळायला मैदान नाही, समुद्र दोन पावलांवर असून दिसत नाही. उद्यान जरूर करा. उद्यान आणि वर्कशॉप एका पट्ट्यात नांदू शकतात. भीती उद्यानाची नाही, उद्यानाचं नाव पुढे करून मागे उभ्या राहणाऱ्या टॉवरची आहे. टॉवरमध्ये राहायला आलेला माणूस पहिली तक्रार हातोड्याच्या आवाजाची करतो, आणि मग हातोडा बेकायदेशीर ठरतो.

ही काही गरिबांची भाबडी मागणी नाही. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये ॲमेझॉनचं मुख्यालय आहे, तिथे जमीन काय भावाची असेल ते सांगायला नको. त्या शहराने २०२३ मध्ये बंदर आणि उद्योगांच्या जमिनीसाठी नवे नियम केले. बंदरालगतच्या मोठ्या पट्ट्यात मोठी दुकानं आणि कार्यालयं यांवर कडक मर्यादा घातल्या. थोडी घरं काही कडांना होऊ दिली. त्यामागचा विचार साधा होता. पदवी नसलेल्या माणसाला बऱ्या पगाराचं काम याच जमिनीवर मिळतं, ती एकदा गेली की परत येत नाही. आपल्याकडे नियमच उलटे आहेत. इथे औद्योगिक जमीन निवासी करून घेण्याची वाट नियमावलीतच आखून दिलेली आहे.

आता थोडं आपल्या लोकांशी. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं की मुसलमानांचा मोठा हिस्सा स्वयंरोजगारावर जगतो. स्वयंरोजगार म्हणजे गॅरेज, वेल्डिंग, भंगार, लेथ, शिलाई. या कामाला शिक्षण आणि कर्जाइतकीच जागा लागते. तरी आपले नेते जागेबद्दल बोलतात ते कब्रस्तान आणि शादीखान्यापुरतं. रस्त्याचं नाव बदललं की चौकात शेकडो माणसं जमतात. विकास आराखडा आला की हरकत नोंदवायला किती जातात? १९६६ च्या नगररचना कायद्याने हरकती-सूचनांचा हक्क दिला आहे. २०१५ मध्ये मुंबईचा प्रारूप आराखडा चुकांनी भरलेला निघाला, लोकांनी हजारो हरकती घेतल्या आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्यात वांद्र्याचे ख्रिस्ती होते, पारशी होते, गिरगावकर होते. दारुखान्याने हा मार्ग का सोडावा?

मागण्या फार नाहीत. आराखडा पक्का करण्याआधी या पट्ट्यातल्या प्रत्येक दुकानाची, शेडची आणि कामगाराची मोजणी व्हावी, भाडेपट्टा संपलेल्यांचीसुद्धा. बंदर, मासेमारी, दुरुस्ती आणि कारागिरीसाठी जमिनीचा ठरावीक हिस्सा कायद्याने राखून ठेवावा, तिथे घर आणि कार्यालय नको. मालक आणि नियोजक वेगळे असावेत. आणि ज्यांना हलवायचंच असेल, त्यांना त्याच पट्ट्यात जागा मिळावी, वांगणीला नव्हे.

त्या गृहस्थांना मी पुलावर इतकंच म्हणालो, एकदा सकाळी आठ वाजता माझ्यासोबत खाली चला. ते अजून आलेले नाहीत. माझ्या मामेभावाचं शटर मात्र रोज आठला उघडतं. आराखड्यावर सही करणाऱ्यांपैकी कोणी यायचं म्हणालं, तर चहा त्याच्याकडून.