पहिली चौकट समोरचीच हवी
गणपती जवळ आले की घाटकोपर-मुलुंडच्या मंडळांची फिरत्या अक्षरांची निमंत्रणं मोबाइलवर येऊ लागतात. एवढी मेहनत, पण जिफ एक्स्पोर्ट करताना पहिल्या चौकटीकडे फारसं कुणी बघत नाही, याचं वाईट वाटतं. निमंत्रण ई-मेलने गेलं, तर आउटलुक २००७ मध्ये तेवढी एकच चौकट दिसते. अक्षरं तिथे नेमकी काटकोनात वळलेली असली, तर मंडळाचं नाव म्हणजे नुसती उभी रेघ. अर्धा फेरा झालेला असला तर आरशातली उलटी अक्षरं. म्हणून सुरुवातीचा कोन शून्यच, म्हणजे अक्षरं समोर, ठेवा. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर ४ सेकंदांच्या फेऱ्यात १०० चौकटी, दर चौकटीला ३.६ अंश. शेवटची ३५६.४ वरच थांबवा. ३६० वर नेलीत तर समोरची चौकट दोनदा येते आणि फिरता फिरता नाव अडखळतं.