शिक्का उमटला, माणूस कोठे आहे?

न्यायालयाच्या किंवा तहसील कचेरीच्या आवारात पाऊल टाकावे, तोच "नोटरी करायची आहे काय?" हा प्रश्न कानी येतो. कागद पुढे करावा, पैसे मोजावेत आणि घटकाभराने तोच कागद तिकिटांनी व शिक्क्यांनी नटलेला परत घ्यावा. या साऱ्या व्यवहारात ज्याची सही आहे तो इसम नोटरीने डोळ्यांनी पाहिला काय, हा एकच प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. आणि सगळे मर्म तर त्या एकाच प्रश्नात आहे!

स्वातंत्र्यापूर्वी या देशातील नोटरींची नेमणूक इंग्लंडातील 'मास्टर ऑफ फॅकल्टीज' या अधिकाऱ्याकडून होत असे. ती परकी शृंखला तोडून संसदेने १९५२ साली नोटरी अधिनियम केला व १९५६ मध्ये त्याचे नियम आले. दस्तऐवज खरोखरच अमक्याने केला याची खातरजमा करणे, शपथ देणे, प्रतिज्ञापत्र घेणे ही कामे या कायद्याने नोटरीवर सोपविली. त्यासाठी सामान्यतः दहा वर्षे वकिली केलेला मनुष्य निवडावा, त्याने आपल्या नोंदवहीत प्रत्येक कामाची नोंद करावी आणि संबंधितांची सही वा अंगठा तेथे घ्यावा, असे नियम सांगतात. ही नोंदवही हाच नोटरीचा प्राण होय. शिक्का हे केवळ तिचे बाह्य चिन्ह!

या शिक्क्याचे वजन सामान्य नव्हे. नोटरीपुढे झालेले मुखत्यारपत्र खरोखरच तसे झाले असे न्यायालयाने गृहीत धरावे, ही १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील तरतूद २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. म्हणजे खोट्या सहीवर खरा शिक्का बसला, तर आपण ती सही केलीच नाही हे सिद्ध करण्याचा बोजा त्या बिचाऱ्या धन्याच्या माथी येतो. एकाकी वृद्धाचे घर, परदेशी गेलेल्या मुलाची जमीन, विधवेचा हिस्सा यांवर डोळा ठेवणाऱ्याला यापेक्षा सोपे हत्यार कोणते? कुंपणानेच शेत खाल्ल्यावर दाद मागावी तरी कोणाकडे?

परंतु दोष केवळ नोटरींच्या माथी मारून सुशिक्षित समाजाला हात झटकता येणार नाहीत. 'नोटरी केली म्हणजे काम पक्के झाले' हा भ्रम आपणच जोपासला आहे. शंभर रुपयांवरील स्थावर मिळकतीची विक्री १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदविल्यावाचून पुरी होत नाही. तरीही गुंठाभर जमीन किंवा झोपडपट्टीतील खोली नोटरीच्या कागदावर घेऊन आयुष्याची पुंजी पणाला लावणारे कमी नाहीत. भाड्याच्या घराचा करार नोंदविण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ घरमालकावर टाकतो. पण खर्च वाचविण्यासाठी शिकलेली माणसेही नोटरीवर भागवितात. उलट मृत्युपत्राला नोटरीची गरजच नाही. तेथे दोन साक्षीदार हवेत, आणि नेमके तेच धड निवडले जात नाहीत. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार!

आता, घरबसल्या यंत्रावरून नोटरी करावी, अशी मागणी होऊ लागली आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला आणि परगावी नोकरी करणाऱ्याला तिचा लाभ होईल, हे आम्ही नाकारीत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने २०१२ पासून अशी सोय सुरू केली. तेथे नोटरी व सही करणारा एकमेकांना पाहतात, ऐकतात आणि त्या भेटीचे चित्रमुद्रण पाच वर्षे जपून ठेवावे लागते. आपल्याकडे मात्र २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मुखत्यारपत्र व मृत्युपत्र इलेक्ट्रॉनिक मान्यतेच्या बाहेर ठेवले; २०२२ मध्ये नियंत्रित वित्तसंस्थांना दिलेल्या मुखत्यारपत्रांपुरतीच ती अट सैल झाली. नोटरी कायद्यात तर दूरस्थ भेटीचा शब्दही नाही. असे असता 'छायाचित्र पाठवा, शिक्का मारलेला कागद घरपोच घ्या' म्हणणाऱ्या जाहिराती म्हणजे जुन्याच रोगाला चढविलेले नवे कपडे होत.

यंत्राला आमचा विरोध नाही. महाराष्ट्रातच भाडेकरार घरून नोंदविता येतो. पण तेथे आधारवरून बोटांच्या ठशांनी ओळख पटते व छायाचित्र घेतले जाते. प्रश्न कागदाचा की पडद्याचा हा नाही. माणूस पाहिला की नाही, हा आहे.

म्हणून संसदेने १९५२ चा कायदा दुरुस्त करावा. दूरस्थ साक्षांकनास परवानगी द्यावी. पण समोरासमोर दृक्श्राव्य भेट, ओळखीची खात्री, चित्रमुद्रण आणि तपासता येईल अशी नोंदवही या चार अटींवरच. सरकारने नोटरींच्या नोंदवह्यांची नियमित तपासणी करावी व माणूस न पाहता शिक्का मारणाऱ्याची सनद काढून घ्यावी. शिवाय, प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणा पुरेशी मानण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१५ सालीच घेतला आहे. तरीही खिडकीवरचा कारकून प्रतिज्ञापत्रच मागत असेल, तर त्याला जाब विचारला गेला पाहिजे. अनावश्यक शिक्क्यांची गर्दी हटली, तरच आवश्यक शिक्क्याकडे नीट पाहण्यास नोटरीला सवड मिळेल.

आणि नागरिकांनी? कारकुनाच्या हाती सही केलेला कागद सोपवून चहाला जाण्याची सवय त्यांनी आजच सोडावी. नोटरीसमोर उभे राहावे, त्याच्या वहीत सही करावी, नोंदीचा क्रमांक टिपून घ्यावा. आज आपली अनुपस्थिती चालवून घेणारा शिक्का उद्या आपल्या नावाने दुसऱ्याची उपस्थितीही चालवून घेईल, हे कोणी विसरू नये!